भिंतीला भोक न पाडता लावलेला दिवा

आमच्या मागच्या दारी एक दिवा आहे. कुणी हललं की लागतो, कुणी नसलं की विझतो. मागची बाजू पोफळींच्या सावलीत असल्यामुळे त्याला दुपार आणि तिन्हीसांज यांतला फरक नीटसा कळत नाही. दुपारी तीनला कोंबडी आडवी गेली तरी लख्ख पेटतो. पाहुणे विचारतात, "आडरानात एवढा साहेबी दिवा कशाला?" बायको माझ्याकडे बघते आणि मी मशीनच्या सुईत दोरा ओवायला लागतो, ओवलेला असला तरी.

आता पन्नाशी उलटली. ओवलेल्या सुईत किती वेळा दोरा ओवायचा? म्हणून लिहून टाकतो.

मी टेलर. जोयड्याहून गुंदकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमची वाडी आहे. घराच्या पुढच्या पडवीत माझं मशीन. मुलगी खानापूरला दिलेली, घरात आम्ही दोघंच. तोंडात टाचण्या धरायची तीस वर्षांची सवय, त्यामुळे बोलणं कमी. वाडीतल्या बायका ब्लाउज टाकायला येतात आणि पडवीत बसून सासवांबद्दल, जावांबद्दल काय काय बोलून जातात. त्यातलं अक्षर माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. म्हणून वाडीत माझं नाव झालं, "टेलरमामा बोलत न्हाईत, पन बोलले तर खोटं न्हाई." ऐकून मला बरं वाटायचं. जो बोलतच नाही त्याला खोटं बोलायला फार कष्ट पडत नाहीत, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं बीपी बघितलं आणि मीठ कमी करायला सांगितलं. बायकोनं तो सरकारी हुकूम मानला. आमटी बेचव, भाजी बेचव, लोणचं बंद, सुके मासे बंद. मी नेहमीप्रमाणे काही बोललो नाही. तिला वाटलं, नवरा शहाणा आहे.

ती दर उन्हाळ्यात कोवळ्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालते. अख्ख्या, देठासकट. गणपतीपर्यंत त्या मुरतात, सुरकुततात, आणि मग पेजेबरोबर एक कैरी असली की माणसाला दुसरं काही लागत नाही. ही बरणी मागच्या पडवीत फळीवर असायची. चिनी मातीची, गुडघ्याएवढी, तिच्या आईनं लग्नात दिलेली. आई आता नाही. बरणीत वरच्या थराला तिच्या माहेरच्या झाडाच्या कैऱ्या होत्या आणि खाली ओढ्याकाठच्या. माहेरच्या तिनं लेक येईल तेव्हासाठी राखल्या होत्या.

गणपतीपासून मी रोज एक खात होतो. संध्याकाळी ती गोठ्यात वैरण-पाणी करायला गेली की मी मशीन थांबवायचो, मागं जायचो, हात घालायचो. कोया चिंध्यांच्या पोत्यात टाकायचो. रविवारी दोन.

तो रविवारच होता. मार्गशीर्ष चालू होता, भात घरात आलं होतं आणि बायकोनं त्याच दुपारी मागचं अंगण शेणानं सारवून घेतलं होतं. मी अंगणाच्या कडेनं अनवाणी गेलो, बरणीत हात घातला. एक कैरी आधीच तोंडात टाकलेली, दुसरी मुठीत. बरणीचं तोंड अरुंद. मूठ बाहेर येईना. कैरी सोडली असती तर हात सुटला असता, हे मला आज इथं बसून स्पष्ट दिसतं. तेव्हा मी ओढलं. हाताबरोबर बरणी आली, बरणीबरोबर फळी आली आणि मी ओल्या सारवणात मागे घसरलो. उजव्या पायाची टाच खोल रुतली, पाच बोटांनी जमीन खरवडली आणि बरणीचे चार तुकडे झाले.

बायको बादली घेऊन धावत आली. तुकडे बघितले, मिठाच्या पाण्यानं भिजलेला मी बघितला, जमिनीवरचे ओरखडे बघितले.

"अगो बाय! अस्वल?"

तोंडात कैरी होती. उघडलं असतं तर दिसली असती. मी मान हलवली. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की ती मान 'नाही' अशीच हलवायची होती, घाबरल्यामुळे चुकून वेगळी हलली. तसं नव्हतं. मी ती 'होय' अशीच हलवली.

"कुटं गेलं?"

मी पोफळीच्या बागेकडे बोट दाखवलं. हे बोट दाखवायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

पंधरा मिनिटांत अर्धी वाडी आमच्या मागच्या दारी. आमच्याकडे अस्वल ही काही नवलाची गोष्ट नाही, पण घरात शिरून लोणच्याची बरणी फोडणारं अस्वल नवीन होतं. लोकांनी मला बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मी कोय गालात धरून बसलो होतो. एका म्हातारीनं सांगितलं, "भ्यालेत बिचारे. गाल बगा कसा सुजलाय."

मग अज्जा आले. अज्जा म्हणजे वाडीतले सगळ्यांत वयस्क गृहस्थ. ठशावरून जनावर ओळखण्यात त्यांचा हात धरणारा या बाजूला कुणी नाही, असं ते स्वतः सांगतात. ते सारवणातल्या ठशापाशी उकिडवे बसले. बोटांनी मापलं. वास घेतला.

"मागचा उजवा पाय," ते म्हणाले. "अस्वलाचा मागचा पाय माणसागतच असतोय. नर हाय. वय झालंय त्याचं."

"कशावरनं, अज्जा?"

"टाच बगा की किती खोल गेलीया. पोट सुटलंय. अंगठा वाकडा हाय, कदी तरी फासात गावला असंल. आळशी जनावर. शिकार झेपत न्हाई आता, म्हणून घरात शिरतंय."

माझा उजव्या पायाचा अंगठा लहानपणापासून वाकडा आहे. तो मी धोतराखाली, म्हणजे त्या दिवशी लुंगीखाली, ओढून घेतला. पण 'आळशी' मला लागलं. त्या हंगामात मी अख्ख्या शाळेचे गणवेश शिवले होते.

बायको सांडलेल्या कैऱ्या वेचत होती. ओढ्याकाठच्या सगळ्या सापडल्या. माहेरची एकही नाही. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "नेमक्या माझ्या आईच्या झाडाच्याच खाल्ल्यान, मेल्यानं."

ठसा मोडू नये म्हणून तिनं त्यावर घमेलं पालथं घातलं. सारवण वाळलं, ठसा पक्का झाला. पुढचे बावीस दिवस लोक तो बघायला यायचे. बायको घमेलं उचलून दाखवायची, अज्जा असले तर माहिती सांगायचे. कुणी पोटाचा विषय काढला की मी आत जायचो.

आता गाईचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. बायकोनं ती वासरापासून वाढवलेली. पहिल्यांदाच गाभण होती, दिवस भरत आले होते. अशा गाईकडे वेळी-अवेळी जाऊन बघावं लागतं. आमचा गोठा घरापासून चाळीस पावलांवर, मध्ये उजेड नाही. अस्वलाच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे बायकोनं मला उठवलं.

"चला माज्याबरोबर. मी एकटी न्हाई जायाची."

मी मशीनशेजारची लाकडी पट्टी हातात घेतली. तिनं ती बघितली.

"अस्वल आलं तर ह्या पट्टीनं काय करणार? त्याला कोट शिवणार? त्याच्या अंगावर अगोदरच हाय."

पण तिनं एका हातात बादली घेतली आणि दुसऱ्या हातानं माझी बाही धरली. चाळीस पावलं धरून ठेवली. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. जत्रेत, बाजारात, कुठंच तिनं माझी बाही धरल्याचं आठवत नाही. ती पुढं चालते, मी पिशवी घेऊन मागून. आता ती रोज पहाटे धरायला लागली, संध्याकाळीही. बाहीची शिवण उसवली, मी ती परत घातली नाही.

अस्वलाची कबुली मी पुढं दिली, कैऱ्यांची दिली. ही अजून दिलेली नाही. बावीस दिवस मी भीतीनं गप्प बसलो असं सगळ्यांना वाटतं. पहिले दोन दिवस भीती होती. बाकीचे वीस दिवस मला ती बाही सोडवेना.

तिची भीती मात्र खरी होती. मी रामनगरला कापड आणायला गेलो की ती दाराला कडी लावून बसायची, आणि गाय तहानेनं हंबरायची. मग तिनं ठरवलं. एक तर मागच्या दारी दिवा, नाही तर गाय तिच्या भावाकडे. भाऊ रामनगरला वायरमन आहे. घराशेजारी रिकामी शेड आहे त्याची.

मेव्हणा एका सोमवारी सकाळी आला. तो बोलायला लागला की दोन माणसांचं बोलतो, त्यामुळे आमचं दोघांचं जमतं. बरोबर मित्राचा टेम्पो. टेम्पो एक दिवसच मिळाला होता, संध्याकाळी परत करायचा होता. म्हणजे दिवसाच्या आत दिवा तरी लागायला हवा होता, नाही तर गाय तरी चढायला हवी होती. रामनगरचा तो वळणावळणांचा, खड्ड्यांचा रस्ता, आणि टेम्पोत उभी असलेली भरल्या दिवसांची गाय. तो रस्ता मला पाठ आहे. बायकोलाही पाठ आहे, पण ती भावाला म्हणाली, "तिकडं तरी रस्त्यावर दिवे हायत."

मेव्हण्यानं मागची भिंत बघितली. "दाजी, दहा मिन्टांचं काम. आत स्वयंपाकघरात बोर्ड हाय, भाईर दिवा. मधे एक भोक. ड्रिल लावलं की संपलं."

"भोक कुटं पाडतोस?" बायको म्हणाली. "देवी दिसत न्हाई?"

मागच्या भिंतीला बाहेरून, दाराशेजारी, कमरेएवढं वारूळ आहे. आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ते वर आलं आणि भिंतीला धरून वाढलं. आमच्याकडे घराला लागून वारूळ आलं की ते काढत नाहीत, ती सातेरी देवीच घरी आली असं मानतात. त्या भिंतीवर हातोडी चालत नाही, खिळा चालत नाही. बायको रोज तिथं फूल ठेवते. त्या भिंतीला आम्ही कॅलेंडरसुद्धा लावत नाही.

"मग सोलर लावूया. वायरच नको."

"आमच्या मागच्या अंगणात ऊन बारा वाजता येतंय आनि साडेबाराला जातंय."

"गोठ्याच्या खांबाला?"

"भरल्या गाईच्या डोक्यावर करंट ठेवतोस?"

शेवटी ठरलं, देवीलाच विचारायचं. वाडीच्या टोकाला देवीचं ठाणं आहे. तिथला पुजारी पाषाणाला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आम्ही तिघं गेलो. पुजाऱ्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, भिंतीला एक भोक पाडायचं हाय. राजी असशील तर उजवी दे." जरा वेळ काही नाही. मग डावी पडली.

"झालं," मेव्हणा म्हणाला.

"थांबा," बायको म्हणाली. "ते अस्वल परत येणार काय, तेबी इचारा."

मी देवीच्या पायांशी बघत होतो. वर बघायची छाती नव्हती. पुजाऱ्यानं विचारलं आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन पडली. येणार. बायकोनं छातीला हात लावला. नवी बरणी आणायचं तिनं आदल्याच दिवशी ठरवलं होतं, हे मला आठवलं.

घरी आल्यावर मेव्हण्यानं डोकं चालवलं. पुढच्या पडवीत मशीनसाठी एक बोर्ड होता. तिथून वायर वर माळ्यावर न्यायची, तुळयांवरून घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि भिंतीचा माथा व छप्पर यांच्यामधल्या फटीतून बाहेर. दिवा भिंतीवर नाही, पुढं आलेल्या वाशाच्या टोकाला बांधायचा. भिंतीला बोटसुद्धा लागणार नाही.

बायकोनं होकार दिला, पण तिचं सांगणं संपेना. छपराचं एकही कौल हलवायचं नाही. माळ्यावर कोंबडी तेरा अंड्यांवर बसली आहे, ती उठता कामा नये. काजळी स्वयंपाकात पडता कामा नये. आणि शिडी लावताना घमेल्यावर पाय द्यायचा नाही.

"घमेल्याखाली काय हाय?" मेव्हण्यानं विचारलं.

बायकोनं उचलून दाखवलं. तो वाकून बघत राहिला. "च्यायला! अंगठा बगा की, दाजी."

"बगितलाय," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं ते पहिलं वाक्य.

आमचा माळा बांबूच्या चिवाट्यांचा, जुना. त्यावर माणूस चढला तर खाली येतो, तोही लगेच. मग एवढ्या लांब वायर सरकवायची कशी? मला दोटी आठवली. पोफळीवरून सुपारी उतरवायची आमची लांबलचक काठी, टोकाला विळी असते. मी विळी सोडवली, टोकाला वायर बांधली आणि बोलण्याऐवजी मेव्हण्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "दाजी, तुमी रामनगरला असता तर माजं दुकान बंद पडलं असतं."

मेन स्विच बंद केला. मेव्हणा मागच्या बाजूला शिडीवर, फटीत हात घालून. मी पुढच्या पडवीत स्टुलावर, दोटी ढकलत, तोंडात चिकटपट्टीचं रीळ. बायको मधल्या खोलीत, माळ्याकडे तोंड वर करून.

"डावीकडं! डावीकडं घ्या, कोंबडी हाय!"

मी डावीकडं घेतली.

"आक्का, कुणाच्या डावीकडं?" मागून ओरड आली.

"कोंबडीच्या!"

कोंबडीचं तोंड कुठं आहे ते मला दिसत नव्हतं. तोंडात रीळ असल्यामुळे विचारताही येईना. मी दोन्हीकडं थोडी थोडी हलवली. कलकलाट झाला, कोंबडी माळ्यावरून उडाली ती बायकोच्या डोक्यावर, तिथून चुलीशेजारच्या भाताच्या पातेल्यावर. काजळी आणि पिसं दोन्ही भातात. बायको गोणपाट घेऊन तिच्यामागे. मेव्हणा ओरडतोय, "आली आली, वायर आली!" मी ढकलतोय. कोंबडीला पकडून, थोपटून, परत अंड्यांवर बसवण्यात पाऊण तास गेला. एकही अंडं फुटलं नव्हतं. बायको म्हणाली, "ह्या घरात फक्त बरण्या फुटतात."

मग आम्ही मागे गेलो. वायर बाहेर आली होती खरी, पण दोटी वाकल्यामुळे ठरल्या वाशाऐवजी तिसऱ्या वाशातून, नेमकी वारुळाच्या वर. तिच्याबरोबर वर्षानुवर्षांची काजळी, जळमटं आणि मेलेली पाल असं सगळं देवीच्या माथ्यावर पडलं होतं. सकाळी वाहिलेलं फूल त्याखाली.

बायकोनं पदरानं वारूळ झाडलं. पाणी शिंपडलं. मग उठून सरळ गोठ्यात गेली आणि गाय सोडून घेऊन आली.

"आक्का, वायर दोन वासे सरकवतो, लगेच होतंय."

"नको. तिनं डावी दिली हुती. तरी आपण हट्ट केला. टेम्पोची फळी लाव."

फळी लावली. गाईनं पुढचे पाय रोवले. मेव्हणा पुढून ओढतोय, बायको मागून ढकलतेय, आणि ढकलता ढकलता रडतेय. नाक पुसायला हात मोकळा नाही. गाईला म्हणतेय, "जा बाय, जा. तिकडं दिवे हायत. तिकडं तुला कोन खाणार न्हाई." अज्जा नेहमीप्रमाणे ठसा बघायला आले होते, तेही गाय चढवायच्या मदतीला. गाईचं पोट फळीच्या कडेला घासलं आणि ती जोरात हंबरली.

"अस्वल न्हवतं," मी म्हणालो.

कुणालाच ऐकू गेलं नाही. चिकटपट्टीचं रीळ अजून माझ्या तोंडात होतं. मी ते काढलं आणि परत म्हणालो. मोठ्यांदा. माझाच आवाज मला नवा वाटला.

"अस्वल न्हवतं. मी हुतो. मीच कैऱ्या खात हुतो. बरणी माज्या हातनं फुटली."

सगळे थांबले. बायकोनं मनगटानं नाक पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि काय म्हणाली असेल? "गाईसाठी खोटं बोलू नका. तुमाला येत न्हाई ते."

तीस वर्षांची पुण्याई अशी आडवी आली. मी घमेल्यापाशी गेलो, ते उचललं, चप्पल काढली आणि ठशात उजवा पाय ठेवला. टाचेत टाच, बोटांत बोटं, वाकड्या अंगठ्यात वाकडा अंगठा. जरासुद्धा फट नाही. एवढं नेमकं माप मी आयुष्यात घेतलेलं नाही.

मेव्हणा हसायला लागला, मग बहिणीचं तोंड बघून थांबला. अज्जा मात्र पुढं आले.

"पाय बसला म्हंजे तुमीच असं न्हवं," ते म्हणाले. "अस्वलाचा पाय माणसागतच असतोय. मी पयल्या दिवशीच सांगितलं न्हवं?"

"अज्जा, अंगठा बगा."

"अंगठा वाकडा असलेलं अस्वल बी असतंय. मी बगितलंय. सुप्याच्या रानात."

"अज्जा, मी सांगतोय ना. मी हुतो."

"तुमी भ्यालेला. भ्यालेल्या माणसाला काय आठवतंय?" मग त्यांची नजर माझ्या पोटावर गेली. जरा वेळ तिथं राहिली. "तेवढं मातर जुळतंय," असं पुटपुटत ते काठी घेऊन निघून गेले. आजही ते वाडीत सांगतात की टेलरनं बायकोसाठी अस्वल आपल्या अंगावर घेतलं.

बायको ठशाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"माहेरच्या कैऱ्या?" तिनं विचारलं.

"दसऱ्यालाच संपल्या."

त्यावर तिचा विश्वास बसला. असलं उत्तर अस्वल देत नाही, आणि निरपराध नवराही देत नाही. तिनं गाईचं दावं भावाच्या हातातून घेतलं, गाय वळवली. दोन पावलं गेली आणि थांबली.

"बावीस दिवस मी भीत हुते," ती म्हणाली. "आनि तुमी बगत हुता."

बरणीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. कैऱ्यांबद्दल नाही, बीपीबद्दल नाही. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं, त्याची तयारी मी करून ठेवली होती. या वाक्याची केलेली नव्हती. मी तोंड उघडलं, पण त्यात टाचणी नव्हती, रीळ नव्हतं, कैरी नव्हती, आणि तरी काही आलं नाही.

मेव्हणा खालच्या आवाजात म्हणाला, "आक्का, मग दिवा राहू दे आता? अस्वलच न्हाई तर..."

"रानात खरी अस्वलं न्हाईत काय? लाव."

"देवी?"

"भिंतीला लागू नकोस, बास. वायर तिच्या डोक्यावरनं नको."

त्यानं वायर मागे घेतली, दोन वासे सरकून बाहेर काढली, दिवा वाशाच्या टोकाला तारेनं बांधला, जोड टेपनं गुंडाळले, मेन चालू केला. वीस मिनिटांत काम संपलं. तो खाली उतरून हलला तसा दिवा पेटला. रिकामा टेम्पो घेऊन तो गेला.

त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आमच्या घरात गप्प बसायचं काम माझं. ते तिनं घेतल्यावर मला कळलं की मी किती वाईट करत होतो. निरोप मांजराकरवी यायचे. "मांजरा, जेवायला वाढलंय म्हणावं." पहाटे ती एकटी गोठ्यात जायची, दिवा पेटायचा, आणि मी अंथरुणातून फटीतला उजेड बघत पडायचो. पाठोपाठ जायची हिंमत नव्हती. बाहीची उसवण मी त्या आठवड्यात शिवून टाकली.

दहाव्या दिवशी भर दुपारी मी एका झग्याला काज करत होतो आणि मागून हाक आली.

"अहो!"

मी सुई टाकून पळालो. गाय आडवी पडली होती, वासराचे पुढचे खूर दिसत होते. बायकोचे हात कोपरापर्यंत भरलेले.

"डोकं धरा तिचं. पयलटकरीण हाय, भ्यालीया. बोला तिच्याशी कायतरी."

"काय बोलू?"

"मला काय इचारता? इतकं दिवस न बोललेलं हाय न्हवं पोटात सगळं? बोला त्यातलंच."

मी गाईचं डोकं मांडीवर घेतलं. कानाशी तोंड नेलं. गाय थरथरत होती आणि बायको मागून ओरडत होती, "बोला!" शेवटी जे तोंडात आलं ते बोलायला लागलो.

"लांबी चौदा. छाती चौतीस. कंबर तीस. बाही नऊ. दंड अकरा. पाठीचा गळा सात..."

गाईचा कान हलला. थरथर जरा कमी झाली. मी परत पहिल्यापासून म्हणायला लागलो, भजनासारखं, हळूहळू.

"कुणाचं माप ते?" मागून आवाज आला. बायको खूर धरून बसली होती, घामानं भिजलेली.

"तुझंच की."

तिनं खांद्यानं घाम पुसला. मग म्हणाली, "खोटं बोलू नका. चौतीस कवा हुतं? आता छत्तीस झालंय."

"चौतीसच हाय. मी शिवतो ना."

"तुमी शिवता, घालते कोन? श्वास घ्यायला येत न्हाई मला. दोन वर्षं सांगीन सांगीन म्हणतेय."

"मग सांगायचं हुतंस."

"तुमी सांगता काय सगळं?"

वासरू बाहेर आलं तेव्हा आम्ही छत्तीसावरच होतो.